चटणीच्या डब्यातली कार्डं

आमच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाबाहेर माझं टेबल आहे. ज्यांचं मूल पोटातच गेलं, किंवा ज्यांनी गर्भपात करून घेतला, त्यांना घरी सोडण्याआधी माझ्यासमोर बसवतात. "पुढं काय वापरणार?" हे मी विचारायचं. निरोध, गोळ्या, तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, सगळं ट्रेमध्ये मांडलेलं असतं. नोकरीला सहाच महिने झालेत, पण किस्से इतके साठलेत की मैत्रिणी भेटल्या की चहाच्या आधी तेच मागतात! सांगते. पण यातले निम्मे मला स्वतःलाच कळलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नावं अर्थातच बदलली आहेत.

*

पहिल्याच आठवड्यात मंद्रूपची महादेवी आली. वय तेवीस, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. दीड वर्षात दुसऱ्यांदा पोट पडलेलं. डॉक्टर मॅडमनी बजावलेलं, निदान सहा महिने तरी शरीराला विश्रांती द्या. मी ट्रे पुढं केला. "तुम्हाला यातलं काय हवंय?"

सासू म्हणाली, "काय नको. पाळणा हलू दे आदी."

नवरा म्हणाला, "अव्वा म्हणती तसं."

मावससासू म्हणाली, "तांबी डोक्यात चढती म्हणं!"

त्यांना घेऊन आलेला रिक्षावाला दारातून म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी गोळ्या चालू हायत. काय तरास न्हाय!"

चार उत्तरं आली. मी सगळ्यांना बाहेर काढलं, रिक्षावाल्यासकट, आणि महादेवीला पुन्हा विचारलं.

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मला इचारताय व्हय?"

*

तिनं इंजेक्शनवर बोट ठेवलं. मी सगळं समजावलं. पाळी मागंपुढं होईल, कदाचित येणारच नाही, आणि बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो.

"लागू दे की," ती म्हणाली. "दोनदा डोहाळं लागलं, दोनदा हितं आले. आता जरा नुसतं जेवून झोपू दे मला."

इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड मात्र घेईना. दर वेळी ते आणावं लागतं, हरवायचं नाही, मी सांगत राहिले. ती म्हणाली, "घरात एकच पेटी हाय, तिची किल्ली आत्याबाईंच्या कमरंला."

मग मी माझा शेंगाचटणीचा रिकामा डबा पुसला, त्यात कार्ड ठेवलं आणि डबा ड्रॉवरमध्ये टाकला. सहा महिन्यांत त्या डब्यात चौदा कार्डं झाली! लसणाचा वास काही जाईना. डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या, "हे रेकॉर्ड आहे की भाकरीबरोबर खायचंय?"

*

आमच्या मोठ्या सिस्टर रिटायरमेंटला आल्यात. तांबी बसवायची तर नवऱ्याची सही आण, हा त्यांचा हट्ट. नियमात फक्त बाईची सही लागते. मी नियम छापून भिंतीवर चिकटवला. त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं!

मी भांडले. त्या म्हणाल्या, "नियम तुझा. पण नंतर दारात येतात ती माणसं माझ्या वाट्याला येतात."

एक दिवस खरंच आला एक जण. नुसत्या बायकोच्या सहीवर, न विचारता तिला तांबी कशी बसवली म्हणून टेबल बडवायला लागला. न विचारता म्हणजे त्याला न विचारता! मी उठणार, तोवर मोठ्या सिस्टर पुढं झाल्या. कॅलेंडर बाजूला केलं. "वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. गेला.

मी आनंदानं म्हटलं, "म्हणजे आता सही बंद ना, सिस्टर?"

"कोण म्हणालं?" असं म्हणून त्यांनी कॅलेंडर परत टांगलं.

*

घरी वेगळीच तऱ्हा. मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "दवाखान्यात काय करते म्हणे?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कॉम्प्युटर!"

पाहुणे गेल्यावर मी भडकले. आई म्हणाली, "अगं, तुझं काम चांगलंच आहे. सांगण्यासारखं नाही एवढंच."

या वाक्याचा अर्थ मी अजून लावतेय.

*

महादेवीनं दुसरं इंजेक्शन माहेरी जाते सांगून घेतलं. त्यानंतर तिची पाळी थांबली. इंजेक्शनच ते, थांबणारच! पण सासूला कुठं ठाऊक? तिनं गल्लीत पेढे वाटले आणि उरलेला पुडा घेऊन सुनेला तपासायला आणलं.

मला माहीत, महादेवीला माहीत. दोघी एकमेकींकडं न बघता टेस्टची वाट बघत बसलो. घरी कळलं असतं तर तिला पुन्हा इथं पाऊल टाकू दिलं नसतं.

टेस्ट निगेटिव्ह.

"मग पाळी कुटं गेली?" सासूनं विचारलं.

"कधी कधी होतं असं," मी म्हटलं.

तिनं पुडा उघडला, एक पेढा माझ्यापुढं ठेवला. "घे. आता आनलेच हायत." मग तिनं नाक वर करून वास घेतला, उघड्या ड्रॉवरमधल्या डब्यातून डोकावणाऱ्या कार्डांकडं पाहिलं. "कुनाचा डबा सांडला काय गं?"

मी गुडघ्यानं ड्रॉवर बंद केला.

*

परवा महादेवीची तिसरी तारीख होती. दारात ती दिसली, आणि मागं सासू! मी महादेवीकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, मला काय म्हाईत न्हाय.

सासूबरोबर तिची लेक होती, संगीता. वळसंगला दिलेली. दोनच दिवसांपूर्वी आमच्याच वॉर्डात तिची पिशवी साफ केली होती. तोंड उतरलेलं, पदर गच्च धरलेला.

सासू समोर बसली. तिनं स्वतःच ट्रे लेकीपुढं ओढला आणि मला म्हणाली, "इचार हिला."

मी विचारलं. संगीतानं आईकडं पाहिलं.

"माज्याकडं काय बघती? तुला इचारल्यात!"

संगीतानं ट्रेमधलं एकेक हातात घेऊन पाहिलं. मग इंजेक्शनवर बोट ठेवलं. मी सगळं समजावलं, कार्ड लिहिलं, तिच्या हातात द्यायला गेले. सासूनं ते मधेच घेतलं आणि टेबलावरून माझ्याकडं परत सरकवलं.

"हिची सासू लई खवट हाय. सुनंच्या कार्डाजवळच ठेव, तुज्या चटणीच्या डब्यात."