सत्तर पोती आणि अजिंठ्याचा घाट

सावद्याच्या केळीवाल्यांच्या मंडळानं स्वतःची मालवाहू गाडी घ्यायचं ठरवलं, ते सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर. तोवर औरंगाबादच्या बाजारात केळी न्यायची तर भाड्याचे ट्रक धरावे लागत, आणि ऐन कापणीत नेमके तेच मिळत नसत. झाडावरून उतरवलेले घड बांधावर पडून पिवळे होत. त्यामुळे गाडी हवी याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ती सुकदेव चालवणार याबद्दलही नव्हतं. घोडं अडलं ते गाडी कुठली घ्यायची यावर.

सुकदेव मूळचा नशिराबादचा. पंचेचाळिशीचा, वाळक्या अंगाचा, बोलण्यात अगदी मोजका. आठ वर्षांपासून तो सावद्यात राहून मिळेल त्याची गाडी चालवत होता. इंजिन ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा. त्याची बायको कमलबाई म्हणायची की हा माणूस माझ्यापेक्षा इंजिनाचं जास्त मन लावून ऐकतो.

मंडळाचे अध्यक्ष लीलाधरभाऊ धुळ्याच्या एजन्सीतून एक रंगीत पुस्तक घेऊन आले. नाव एक, तोंडवळा एक, पण गाडी दोन तऱ्हांची होती. पहिलीचं इंजिन लहान, हलकं आणि पळणारं. तिला आकाशी रंगाची बंद केबिन, मऊ सीट, दाराला चकचकीत पट्ट्या आणि टेपरेकॉर्डर. दुसरीचं इंजिन मोठं आणि सावकाश. केबिन साधी, सीट कडक, रंग मातकट. पण तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगचे दोन पाटे जास्त होते, रेडिएटर रुंद होता आणि उतारावर इंजिनानंच गाडी रोखून धरणारा जादा ब्रेकही होता. पहिली आठ दिवसांत मिळणार होती. दुसरीला चार महिने थांबावं लागणार होतं.

बैठकीत ते पुस्तक हातोहात फिरलं आणि प्रत्येकाचा अंगठा आकाशी गाडीवरच टेकला.

"शनिवारी कागद करू," लीलाधरभाऊ म्हणाले. "सुकदेव, तूही सही करजो. चालवनार तू हायेस. उद्या कोनी म्हनायला नको का डायवरला इचारलं नही."

सुकदेवनं मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. कमलबाईनं दोनदा विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "रुपचंदची आठवण आली." तिनं पुढं विचारलं नाही. रुपचंदचं नाव त्या घरात वर्षातून एखाद्या वेळेसच निघायचं, आणि निघालं की सुकदेव दोन-दोन दिवस गप्प असायचा.

आठ वर्षांपूर्वी सुकदेव आणि रुपचंद एकाच ठेकेदाराकडं होते. दीपनगरला वीजकेंद्राचं काम चालू होतं, तिथलं सामान आणण्या-नेण्यासाठी ठेकेदारानं एक गाडी घेतली होती. लवकर मिळाली म्हणून घेतलेली, लहान इंजिनाची. सुकदेवनं ती एकदाच अजिंठ्याच्या घाटातून भरून उतरवली. खाली फर्दापूरला पोचला तेव्हा चाकांतून जळका वास येत होता आणि ब्रेकचं पेडल पायाखाली दलदलीसारखं लागत होतं. नोकरी लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. तो कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी रुपचंदकडं गेली, आणि संध्याकाळी निरोप आला की ती तिसऱ्या वळणावरून खाली गेली. रुपचंद जागच्या जागी गेला. त्यानंतर सुकदेव नशिराबादला गेला तरी रुपचंदच्या गल्लीत कधी गेला नाही.

गुरुवारी सकाळी तो उठला आणि सरळ नशिराबादला, त्या गल्लीत गेला. रुपचंदची बायको इंदिराबाई ओट्यावर तुरी निवडत बसली होती. तिनं पाट सरकवला, पाणी दिलं. सुकदेव पाणी प्यायला नाही. तांब्या हातात धरून त्यानं तो वास, ते पेडल, आपलं गप्प राहणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

इंदिराबाईचा हात सुपात तसाच थांबला. मग म्हणाली, "त्यायलेही ठाऊक व्हतं."

"काय?"

"आदल्या दिशी तुमी गाडी लावली, तव्हाच त्यायनं चाकाले हात लावून पाह्यला व्हता. घरी येऊन मले सांगतलं, का ही गाडी घाटात घात करीन. मी म्हनलं, मंग सांगा ना मालकाले. तर म्हने, नवी नोकरी हाये, सांगतलं तर उद्यापासून घरी बसा म्हनतीन." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी दोघंही एकमेकाले काही बोलले नही. मले त्याचाच राग येतो. अजूनही येतो."

तिनं त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. सुकदेव उठला, हात जोडले आणि निघाला. भुसावळवरून येणाऱ्या गाडीत तो सावद्यापर्यंत उभ्यानंच आला, जागा असूनही.

शनिवारी कागद पुढं आला. सुकदेवनं पेन उचललं नाही.

"भाऊ, आधी गाडी भरून घाटात नेऊ. मंग सही."

बैठकीत कुजबुज झाली. लीलाधरभाऊंच्या कपाळावर आठी पडली. "अरे, कागदावर लिव्हलं हाये. अडीच टन ओढते."

"आपल्या मळ्यात अडीच टनावर कोनी थांबलं हाये का?"

मागून एकजण म्हणाला की केळी तर घाट चढून जाणार, उतरताना गाडी रिकामीच.

"रिकामी येईन?" सुकदेवनं मागं वळून विचारलं. "सिमिट भरसान, खत भरसान. साडेतीन टन भरसान. मी तेवढंच भरून पाह्यतो. नही तर दुसरा डायवर पाहा."

इतकं बोलताना त्याचे कान तापले होते. भाऊंनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. एजन्सीला कळवतो म्हणाले, पण आवाजात नाराजी होती. बाहेर पडताना दोघं-तिघं सुकदेवशी बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी आकाशी गाडी सावद्याला आली. ती धुळ्याहून आणणारा एजन्सीचा ड्रायव्हर भटू हा तिशीचा हसरा, अहिराणी बोलणारा माणूस. एजन्सीचा नियम म्हणून गाडी तोच चालवणार होता. मंडळाच्या गोदामातून खताची सत्तर पोती भरली, तेव्हा मागचे पाटे सपाट झाले. भटूनं ते पाहिलं, पण हसू तसंच ठेवलं.

"काही काळजी नही भाऊ. गाडी पाखरू शे पाखरू. बठ्ठा लोके हाईच लेतस." सगळे लोक हीच घेतात, असा त्याचा दाखला.

लीलाधरभाऊ दाराकडं बसायला निघाले तसं सुकदेवनं त्यांना बसू दिलं आणि स्वतः मधे, गिअरच्या दांड्याला गुडघा लागेल असा बसला.

जामनेर, पहूर, फर्दापूर. सपाटीवर गाडी खरोखरच पाखरू होती. भाऊंनी टेप लावला, सीटवर हात फिरवला. घाट चढताना मात्र इंजिनाचा सूर बदलला. सुकदेवनं डोळे मिटले. वर पोचेपर्यंत उष्णतेचा काटा लाल खुणेला टेकला होता आणि बॉनेटखालून वाफ येत होती. अर्धा तास थांबून पाणी घातलं.

"चढली ना पन?" भाऊ म्हणाले.

"चढली," सुकदेव म्हणाला. "आता उतरू."

भटूनं गाडी वळवली आणि थर्डमध्येच उतार धरला. डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी.

"सेकंडमधी घे," सुकदेव म्हणाला.

"गरज नही, भाऊ. बिरेक नवा शेत."

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाआधी भटूचा पाय तीनदा ब्रेकवर गेला. वळण संपलं आणि सुकदेवच्या नाकाला तो वास लागला. आठ वर्षं तो वास त्याच्या डोक्यात होता, त्यामुळे क्षणभर त्याला वाटलं की हा आपलाच भास आहे. मग त्यानं भटूकडं पाहिलं. भटूचं हसू गेलं होतं. त्याचं पेडल खालपर्यंत जात होतं आणि गाडीचा वेग कमी होत नव्हता.

समोर कापसानं भरलेल्या दोन बैलगाड्या उतरत होत्या. पलीकडून एसटी चढत येत होती. मधून निघायला वाट नव्हती.

भटूनं घाईनं सेकंड टाकायला दांडा ओढला. गिअरच्या दात्यांचा खरडल्यासारखा आवाज झाला, गिअर पडला नाही आणि गाडी मोकळी सुटली. आता तिला धरणारं काहीच उरलं नाही. लीलाधरभाऊंनी पुढची फळी दोन्ही हातांनी पकडली. टेप चालूच होता.

सुकदेवनं भटूच्या हातावर हात ठेवला. "माह्याकडं नको पाहू. रस्त्याकडं पाह्य. क्लच दाब. आता सोड. इंजिन वाढव, अजून वाढव. परत दाब." दांडा थर्डमध्ये बसला. गाडीला हिसका बसला, वेग जरासा तुटला. दुसऱ्या हातानं सुकदेव हँडब्रेक एकेक दात वर घेत होता. "पुन्हा तसंच. दाब. सोड. वाढव. दाब." सेकंड पडला. लहान इंजिन किंचाळायला लागलं, पण सत्तर पोत्यांपुढं त्याचं चालेना. वजन मागून ढकलत होतं आणि इंजिन रेटलं जात होतं.

बैलगाड्या आता इतक्या जवळ आल्या की मागच्या कापसावर बसलेल्या बाईचा चेहरा दिसत होता. ती यांच्याकडंच पाहत होती.

"डावीकडं," सुकदेव म्हणाला. "खडीवर घाल."

रस्त्याच्या कामासाठी डोंगराच्या बाजूनं खडीचे ढीग टाकलेले होते. भटूनं स्टिअरिंग फिरवलं. डाव्या बाजूची चकचकीत पट्टी कातळावर घासत फाटत गेली, पहिला ढीग उधळला, दुसऱ्यात पुढचं चाक रुतलं आणि गाडी आचका देऊन थांबली. वरची चार-सहा पोती केबिनच्या टपावर आपटून फुटली. एसटी शेजारून निघून गेली. बैलगाड्याही थांबल्या नाहीत.

सुकदेवनं हात लांब करून आधी टेप बंद केला.

भाऊंच्या कपाळाला काचेचा मार लागून टेंगूळ आलं होतं. ते उतरले, कठड्यावर बसले आणि बराच वेळ चाकातून येणाऱ्या धुराकडं पाहत राहिले. भटू सुकदेवजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, मी मन्हा घरकरता लेतू, ते दुसरीच लेतू. पण हाई आठ दिनमा भेटस, म्हनीसन हाईच इकनी पडस." स्वतःसाठी असती तर त्यानंही मातकट गाडीच घेतली असती.

शेवटी भाऊंनी विचारलं, "तुले कसं ठाऊक व्हतं?"

सुकदेव त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं रुपचंदचं सगळं सांगितलं. इंदिराबाई काय म्हणाली तेही सांगितलं.

"हे बैठकीत काहून नही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर मानलं असतं तुमी?"

भाऊंनी जरा विचार केला. "नही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठक बोलावली आणि मातकट गाडीचा कागद पुढं ठेवला. आरडाओरडा बराच झाला. चार महिने माल काय डोक्यावर न्यायचा, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला की अध्यक्षांच्या डोक्याला मार लागला तो दिसतोच आहे. भाऊंनी टेंगूळ झाकलं नाही. पहिली सही त्यांनी केली आणि कागद सुकदेवपुढं सरकवला.

ते चार महिने सुकदेवला जड गेले. भाड्याचे ट्रक चुकत होते, घड बांधावर पिकत होते, आणि जो तो त्याच्याकडं बोट दाखवत होता. पारावर त्याला पाहून बोलणं थांबायचं. कमलबाईला विहिरीवर टोमणे ऐकावे लागले.

गाडी फाल्गुनात आली. ती सावकाश होती याबद्दल लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं; औरंगाबादला पोचायला भाड्याच्या ट्रकापेक्षा पाऊण तास जास्तच लागायचा. पहिल्या फेरीला लीलाधरभाऊ न सांगता येऊन शेजारी बसले. परत येताना मागं सिमेंट भरलेलं होतं. घाटाच्या तोंडाशी सुकदेवनं सेकंड टाकला, जादा ब्रेकची कळ ओढली, आणि गाडी घोगऱ्या आवाजात, एका चालीनं खाली उतरत गेली. त्याचा पाय पेडलवर दोनदाच गेला. भाऊंनी फळी धरली होती ती फर्दापूर येईपर्यंत सोडली नाही.

फर्दापूरला सुकदेवनं उतरून चारी चाकांना हात लावून पाहिला. कोमट होती, बस्स. तेवढ्यात भाऊही खाली उतरले आणि कंबर धरून उभे राहिले.

"सुकदेव, समदं कबूल हाये," ते म्हणाले. "पन हे सीट नुसती फळी हाये रे."

सुकदेव खूप दिवसांनी हसला. दोघं चहाला गेले. पुढच्या आठवड्यात कमलबाईनं सावरीच्या कापसाच्या दोन गाद्या शिवून दिल्या, एक त्याच्यासाठी आणि एक भाऊंसाठी.