लोंबतं टोक

नरसय्यांना लोंबता धागा बघवत नसे. मग तो स्वतःच्या सदऱ्याचा असो की शेजारच्या पोराच्या पतंगाचा. चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभं राहिलेला माणूस तो, सुटलेलं टोक दिसलं की बोटं आपसूक पुढे जायची.

माग भंगारात गेले त्या वर्षी मात्र ती बोटं मांडीवर गप्प पडून राहिली. नरसय्या भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. त्यांची लेक चंद्रिका कारखान्यांत, दवाखान्यांत नेटवर्कची केबल टाकायची. तिला ते बसणं बघवेना. एके दिवशी ती म्हणाली, "नाना, शिडी धरायला माणूस मिळंना झालाय. याल का?" हे साफ खोटं होतं. नानांनाही ते कळलं असावं, पण ते टोपी घालून निघाले.

मग काय, शहराच्या पूर्व भागात बापलेकीची स्कूटी सगळ्यांच्या ओळखीची झाली. केसाएवढी फायबरची तार नाना स्पिरिटने अशी पुसायचे की बाळाचं नाकच पुसतायत. तांब्याच्या केबलचे गठ्ठे ते इतके देखणे बांधायचे की चंद्रिकाला सोडवताना जीवावर यायचं.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचं काम संपत आलं होतं. मागाच्या शेडपासून ऑफिसपर्यंत फायबर, तिथून टेबलाटेबलाला तांब्याची केबल आणि मधे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो नवा कोरा गिगाबिट स्विच. त्या दिवशी परदेशातलं गिऱ्हाईक व्हिडिओवर माग बघणार होतं. मालक गुरुबसप्पा सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात घाम पुसत होते.

चंद्रिका कॅमेरा नीट करायला शेडमध्ये गेली. स्विचला तिच्या लॅपटॉपची केबल तशीच राहिली होती. एक टोक आत, दुसरं हवेत. नानांनी ते पाहिलं. शेजारीच एक भोक रिकामं होतं. त्यांनी केबल छान गुंडाळली, टोक त्या भोकात बसवलं आणि समाधानाने हात झटकले.

एकाच स्विचची दोन भोकं एकाच केबलने जोडली, की निरोप बाहेर न जाता गोल गोल फिरत बसतात आणि सगळी वाट तुंबते. झालंही तेच. फोन गेले, बिलं अडकली, गिऱ्हाइकाचं तोंड पडद्यावर उघडंच्या उघडं थिजलं. चंद्रिका धावत आली. तिने स्विच बंद करून चालू केला, फायबर तपासली, आणि मग तिला ती नीटनेटकी गुंडाळी दिसली. ओढून काढताच सगळं सुरळीत झालं.

"कुणी हात लावलता?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"मीच, मालक. माझीच चूक झाली."

मालकांनी मान हलवली आणि ते पडद्याकडे वळले. कोपऱ्यात नाना टोपी हातात घेऊन उभे होते.

घरी आल्यावर नानांनी खिशातली पक्कड काढून चंद्रिकाच्या पिशवीत ठेवली. "उद्यापास्नं मी येत न्हाय. माझ्यापायी तुला खोटं बोलाय लागलं." आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. पुन्हा ती भिंत नको होती चंद्रिकाला.

"खोटं कुटं बोलले, नाना? स्विचमधी सोय असती. कुणी असं टोक जोडलं की तेवढंच भोक आपसूक बंद पडतं. मी ती चालूच केली नव्हती."

नाना हळूच वळले. "म्हंजे धागा तुटला की माग थांबतो, तसं?"

"तसंच."

"आणि तू ते चालूच केलं न्हाईस?"

"राहिलं."

"राहिलं?" नरसय्यांचा आवाज चढला. "काम म्हंजे काय खेळ हाय का? लहानपणापास्नं तुझी घाई. शाळंत जाताना डबा राहायचा, आता हे राहिलं. लोकाचा कारखाना हाय त्यो!"

जेवण होईपर्यंत ते थांबले नाहीत. चंद्रिका मान खाली घालून कडक भाकरी मोडत राहिली. माग गेल्यापासून नानांनी तिला एकदाही झापलं नव्हतं. आज ते झापत होते आणि तिला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा नाना टोपी घालून स्कूटीपाशी उभे होते. पक्कड त्यांच्या खिशात होती.

"चल," ते म्हणाले. "आदी ती सोय चालू कर. माझ्यासमोर."