सुरमईसाठी जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती सुरमई तर तिनेच तळली होती.

मी रसायनशास्त्राचा माणूस. रत्नागिरीत एका संशोधन केंद्रात आयुष्य गेलं, आता निवृत्तीला आलोय. लोक विचारतात, नेमकं काय करता? मी म्हणतो, किड्यांचे निरोप वाचतो. हसतात. पण खरंच तेच काम आहे. किड्याच्या मज्जातंतूंतून बारीक रेणू सुटतात — न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना — आणि ते त्याच्या शरीराला सांगतात, आता खा, आता थांब, आता पाणी बाहेर टाक. अमिनो आम्लांच्या मोजक्या मण्यांची माळ, बस्स. तेवढ्यावर किड्याचा सगळा संसार चालतो.

सायली माझ्या हाताखाली आली ती यातलाच एक निरोप डोक्यात घेऊन — ‘पोट भरलं’ हा. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात, चिकट पाणी सोडतात आणि मोहोर काळा पडून जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपण त्यावर विष मारतो, त्यात मधमाश्याही मरतात. सायलीचं म्हणणं — मारायचं कशाला? तुडतुड्याला खोटा निरोप द्या. पोट भरलंय असं वाटलं की तो आपणहून सोंड काढून घेईल. बोलायला सोपं. पण खरा रेणू किड्याच्या अंगात टिकत नाही, त्याचीच पाचकद्रव्यं त्याला कातरून टाकतात. तिने माळेतला एक मणी बदलला, ती कातर चालू नये म्हणून. मेणचट शेपटी जोडली, कातडीतून आत शिरावा म्हणून. वर्ष गेलं तिचं त्यात. आणि पिंजऱ्यातले तुडतुडे खरोखरच मोहोरावर नुसते बसून राहिले! त्या दिवशी ती केंद्रभर पेढे वाटत फिरली.

एकच खोड होती. तेलात कालवून पानावर बसला की रेणू टिकायचा. पण त्याआधी, कुपीतल्या पाण्यात असताना तापला, तर तुटायचा. म्हणून फवारणीपर्यंत बर्फात.

पूर्णगडच्या पुढे भाऊकाकांची बाग आहे, तिथे पहिली खरी फवारणी ठरली. सायली आदल्या दिवशीच एसटीने गेली, झाडांना खुणा करायला. कुप्या मी आणायच्या होत्या, स्कूटरवर, बर्फाच्या डब्यातून. निघताना तिचा फोन — सर, बर्फातून काढू नका हां. मी म्हटलं, अगं, मला शिकवतेस?

वाटेत बंदरावर होड्या लागलेल्या. मुंबईहून मेव्हणा येणार होता. एवढी ताजी सुरमई परतताना कुठून मिळणार? कोळीण म्हणाली, “बरफ नाय हां आज माज्याकडं. त्या डब्यात ठेवा की.” आता तुम्हीच सांगा — कोकणातला माणूस असा मासा सोडून जातो का? सुरमई आणि कुप्या दोन्ही डब्यात मावेनात. मी कुप्या काढल्या आणि स्कूटरच्या डिकीत टाकल्या, सीटखाली. थोड्याच वेळाचा तर प्रश्न होता.

मग टपरीवर जुना वर्गमित्र भेटला. चहा झाला, गप्पा झाल्या. स्कूटर उन्हात.

पण कबूल करायचं ते हे नाही. चूक कुणाचीही होते. कबूल करायचं ते पुढचं.

भाऊकाकांच्या घरी मासा फ्रीजमध्ये ठेवायला दिला आणि डिकी उघडली. कुप्या कोमट लागल्या. आतलं निवळ पाणी दुधाळ झालेलं. मी रसायनशास्त्राचा माणूस — मला कळलं नसेल? तिथल्या तिथे कळलं. सायली वर कातळावरच्या कलमांत होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी काय केलं? कुप्या पुन्हा बर्फात रोवल्या आणि त्या गार होईपर्यंत पडवीत बसून कोकम सरबत प्यायलो.

संध्याकाळी तिने कुपी हातात घेतली. म्हणाली, “सर, मस्त गार आहेत अजून.” दुधाळ दिसतंय म्हणाली तेव्हा मी म्हटलं, थंडीने होतं गं तसं. तिने विश्वास ठेवला.

चारच दिवसांत भाऊकाकांचा फोन. “सर, पंगत बसलीय हो तुडतुड्यांची.” मी उरलेली कुपी गुपचूप यंत्रावर तपासली. आलेखात जिथे एक उंच शिखर यायला हवं, तिथे नुसते बारीक तुकडे होते. कुपी विसळून ठेवली. मग बैठक झाली. सायली उभी राहिली आणि म्हणाली, माझाच रेणू कच्चा निघाला. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी? दोन वाक्यांचं काम होतं. मी एवढंच म्हणालो की प्रयोग म्हटला की असं व्हायचंच — आणि ते ऐकून सगळ्यांना मी मोठ्या मनाचा वाटलो. काम बंद झालं. सायलीने संशोधन सोडलं.

आता ती दापोलीकडे एका कॉलेजात शिकवते. यंदा तिने मला विज्ञान प्रदर्शनाला पाहुणा म्हणून बोलावलं. गेलो. न जाण्याचंही धाडस झालं नाही. मुलांना माझी ओळख करून देताना ती म्हणाली, “प्रयोग फसला तर दोष आधी स्वतःत शोधायचा, हे मी सरांकडून शिकले. मी फसले तेव्हा सर मला एका शब्दाने बोलले नाहीत.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लाज वाटली, खूप वाटली — आणि तरी हात ठेवला.

तिचा रेणू बागेत चालला असता का? मला माहीत नाही. तो तिथे पोचलाच नाही, आणि हे माहीत असलेला माणूस मी एकटा. तिला वाटतं, ती कमी पडली.

सुरमई छान झाली होती. मेव्हण्याने पुन्हा मागून घेतली. मीही घेतली.