सुरू झालं की संपलं

अभिमन्यू करमाळ्याचा. सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या आधी दोन वर्षं लागला होता आणि कार्डावर स्वतःला 'व्हिडिओ तज्ज्ञ' म्हणवून घ्यायचा. तज्ज्ञपण एवढंच, की इंटरनेटवरून दुसऱ्याचा कोड उचलायचा, त्यातलं नाव बदलायचं आणि चालला तर कॉलर ताठ करायची. नाही चालला तर नेटला शिव्या. त्याला काम येत नाही हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. त्याला स्वतःला ते कधी कळलं असेल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी एका आरोग्य संस्थेचं काम आलं. गावोगावच्या आशाताईंना मोबाइलवर सर्पदंशाची बावीस मिनिटांची फिल्म दाखवायची, पूर्ण बघितली की प्रमाणपत्र द्यायचं. प्लेअर लावायचं काम अभिमन्यूकडे गेलं. पुढं पळवता येऊ नये पण मागं जाता यावं, अशा दोन-चार सेटिंग. सुरू हो, थांब, बंद हो, अशा कमांड. आणि व्हिडिओ सुरू झाला, थांबला, संपला की प्लेअर स्वतःहून तसं कळवतो, त्याला इव्हेंट म्हणतात. 'संपला' असं कळलं की प्रमाणपत्र द्यायचं. शिकाऊ पोरानं दुपारपर्यंत करावं असं काम.

या तज्ज्ञानं प्रमाणपत्र 'सुरू झाला'ला जोडलं. कारण उचललेला कोड कुठल्यातरी जाहिरातीच्या साइटचा होता, तिथं बटण दाबलं की मोजतात. वर प्रमाणपत्र निघालं की प्लेअर बंद करायची कमांड, आणि मागं जायची सोय तर त्यानं काढूनच टाकलेली. मी तपासू का विचारलं, तर म्हणाला, "ऋतुजा, तू बटणांचे रंग बघ."

पहिल्याच दिवशी तीनशे चाळीस जणींना प्रमाणपत्रं मिळाली. मीटिंगमध्ये त्यानं आलेख दाखवला, शंभर टक्के. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बावीस मिनिटांची फिल्म एवढ्या बायकांनी कामाच्या धबडग्यात एका झटक्यात कशी बघितली, हे त्या खोलीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी मोहोळकडच्या एका आशाताईंचा फोन आला. बजाबाई नाव. फोन मी घेतला.

"ताई, बटण दाबलं की सर्टिफिकेट येतंय. मला ते नको. पिक्चर बघायचाय. साप पायाला डसला तर वर आवळून बांधायचं का न्हाय, तेवढं त्यात हाय म्हणं."

मी अभिमन्यूला सांगितलं. तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "मावशींच्या नेटचा प्रॉब्लेम आहे. फोन बंद करून चालू करा म्हणावं." त्यांनी केला. तीनदा केला. मग पुढच्या सोमवारी एसटी धरून त्या थेट ऑफिसात आल्या.

साहेबांच्या देखत अभिमन्यू समजावू लागला की गावाकडच्या लोकांना हे नवीन असतं. बजाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याच मशीनवर तुमचं नाव घाला की साहेब." अभिमन्यूनं घातलं आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि अभिमन्यू सर्पदंशाच्या प्रथमोपचारात पारंगत असल्याचं प्रमाणपत्र आलं.

"आता सांगा," बजाबाई म्हणाल्या. "डसल्यावर काय करायचं?"

तो हसला. "घट्ट बांधायचं, चीर द्यायची आणि विष काढायचं."

मी ती फिल्म मूळ फाइलवरून आधीच बघितली होती. अकराव्या मिनिटाला डॉक्टर नेमकं हेच करू नका म्हणून सांगतात. बांधू नका, चिरू नका, पाय हलू देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. मी तसं म्हटलं. अभिमन्यू म्हणाला, "पण टेक्निकली प्लेअर चालतोय."

इतका निर्लज्जपणा मी जवळून पहिल्यांदाच बघितला. राग यावा एवढी त्याची लायकी नव्हती.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. 'सुरू'च्या जागी 'संपला', बंद करायची कमांड काढली, मागं जायची सेटिंग चालू केली. बजाबाईंनी माझ्या टेबलावर फिल्म पुरी बघितली, पाय हलू न देण्याचा भाग दोनदा मागं घेऊन. तीनशे चाळीस प्रमाणपत्रं रद्द झाली, आणि त्या सगळ्या आशाताईंचे शिव्याशाप मी हेल्पलाइनवर ऐकले. अभिमन्यू तेव्हा संस्थेला मेल लिहीत होता : 'आमच्या काटेकोर तपासणीत एक त्रुटी आढळली.'

भाद्रपदात बजाबाईंचा फोन आला. माळावर मेंढरांमागं गेलेल्या एका म्हाताऱ्याला डसलं होतं. लोक दोरी घेऊन धावले, बजाबाईंनी ती हिसकावून घेतली, पायाला फळी लावून त्याला जीपनं दवाखान्यात नेलं. "वाचला बगा," एवढंच म्हणाल्या.

त्याच महिन्यात अभिमन्यूला पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी लागली. निरोपाला केक आणला होता. बारीकसारीक गोष्टींकडं लक्ष द्यावं, असं त्यानं आम्हाला वीस मिनिटं सांगितलं. मी सातव्या मिनिटाला उठून कामाला लागले.