आधी रिकामी दाखव

‘आधी रिकामी दाखव.’

काकू हे इतक्या शांतपणे म्हणायच्या की समोरचा सव्वासहा फुटी दाढीवाला मुकाट्याने खांद्यावरची बंदूक काढून टेबलावर ठेवायचा. म्हणायच्या अर्थातच इंग्रजीत. ‘शो मी एम्प्टी, बाळ.’ त्यातल्या ‘बाळ’ला त्यांनी कधी इंग्रजी शब्द शोधला नाही. मग चष्मा कपाळावर, एक डोळा बंद आणि इवलीशी टॉर्च बंदुकीच्या आत. काही नाही याची खात्री पटली की वायरी बांधतात तसली प्लास्टिकची पट्टी ओवून बंदूक करकचून बांधायची आणि ती पट्टी दोनदा ओढून बघायची. एकदा ओढून त्यांचं समाधान झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद करून झाल्यावर परत जाऊन बघणारी, कुलूप लावून त्याला लोंबकळणारी. आमच्या काकूंचं भाग्य एवढंच, की या स्वभावाला शोभेल अशी जागा त्यांना मिळाली होती. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या एका क्लबचं दार त्या सांभाळायच्या.

राहायला आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, एकाच रस्त्यावर. क्लब वर्षातून दोनदा जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचा. मेंबर आपापला संग्रह टेबलांवर मांडायचे. बाहेरचे लोक बघायला, विकायला, अदलाबदल करायला यायचे. आतमध्ये चुकून एक जरी बार उडाला असता तरी तो हॉल पुन्हा मिळाला नसता. म्हणून दारावर तपासणी.

क्लबचे मेंबर खरं तर काका, म्हणजे काकूंचे यजमान. काकू पहिल्यांदा नुसत्या सोबत म्हणून गेल्या, दाराशी कंटाळून बसल्या आणि तपासणीवाले गृहस्थ गप्पा मारता मारता लोकांना तसेच सोडताहेत हे त्यांनी पाहिलं. तासाभराने त्यांनी त्या गृहस्थांच्या हातातून टॉर्च काढून घेतली. ती पुढे काकूंकडेच राहिली. क्लबने त्यांना बिल्ला करून दिला, त्यावर इंग्रजीत फक्त ‘काकू’. सगळ्यांची समजूत हेच त्यांचं नाव आहे अशी होती, आणि कोणी दुरुस्त केलं नाही.

मला त्यांनी भरती केलं ते माझ्या नोकरीमुळे. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्याने ‘चालतंय’ म्हटलेलं चालत नाही हे दाखवण्याचा पगार घेते. ‘टेस्टर ना तू? मग सॅटर्डेला ये. लॅपटॉप आण, मेंबरांची लिस्ट सांभाळ.’ मला बंदुकीची मनापासून भीती वाटते, हे मी सांगून पाहिलं. ‘मलाही वाटते,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणून तर मी दारावर आहे.’

सर्वांत जास्त मजा यायची ठासणीच्या बंदुकांची. या तोंडाकडून भरायच्या. मागून उघडत नाहीत, त्यामुळे टॉर्चचा उपयोग नाही. काकू एक लाकडी दांडी नळीत तळापर्यंत सोडायच्या आणि नळीच्या तोंडाशी दांडीवर टिकली चिकटवायच्या. मग दांडी काढून तीच टिकली तोंडाशी धरून बाहेरून नळीला लावायची. दांडीचं टोक मागे घोड्यापर्यंत पोचलं, तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी बसलंय. टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये कायम. दाढीवाली मंडळी अत्यंत गंभीरपणे ‘द रेड डॉट’ कुठे येतो ते बघत उभी राहायची.

एकदा एक पोलीस साध्या कपड्यांत आला. ‘मॅम, आय ॲम अ पोलीस ऑफिसर.’ काकू म्हणाल्या, ‘व्हेरी गुड. मग तुला माहीतच असेल. दाखव.’ एकदा आजोबांचं बोट धरून सहा वर्षांची मुलगी आली, हातात पाण्याचं पिस्तूल. काकूंनी ते माझ्या कॉफीच्या कपात रिकामं केलं, पट्टी बांधली, दोनदा ओढली. ती पोर अशा थाटात आत गेली की आजोबांना मागे पळावं लागलं. घरीही तेच. खीर दिली तर दुसऱ्या दिवशी डबा परत घेताना झाकण काढायला लावायच्या. ‘संपवलास का, ते बघते.’

या सगळ्यामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. ‘या देशात पहिली सात वर्षं मला काम करायची परमिशन नव्हती गं. व्हिसा तसा होता. मिरजेला शाळेत शिकवत होते मी, आणि इथे खिडकीतून बर्फ बघत बसायचे. आणि आता बघ, माझ्या परमिशनशिवाय या दारातून कोणी आत जात नाही.’ आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. ‘शो मी एम्प्टी, बाळ.’

आणि तीन वर्षांपूर्वी मेंबरांनी तक्रार केली. रांग फार लांब होते, बाहेरच्यांना तपासा, पण मेंबरांना कशाला? प्रदर्शनाच्या दुपारी सभेत मत घ्यायचं ठरलं. आणि मेंबरांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज कोणाचा, तर काकांचा. ‘आय नो माय गन्स,’ हे त्यांचं पालुपद. काकू घरी एवढंच म्हणाल्या, ‘ठराव पास झाला तर मी टॉर्च परत करणार. अर्धं दार सांभाळायला मला जमायचं नाही.’ आणि भाजी ढवळत राहिल्या. काका म्हणाले, ‘अगं, तुझ्यावर कुठे बोलतोय मी?’ आणि ताट पुढे केलं.

प्रदर्शनाच्या सकाळी काका नवं जाकीट घालून, नवं नाटक घेऊन आले. त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक ठासणीची बंदूक टांगलेली असायची. त्याच्याही एकोणीस वर्षं आधी विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरसामानाच्या विक्रीत घेतलेली. तेव्हापासून ती भिंतीवरून उतरली नव्हती. दसऱ्याला तिथेच तिला झेंडूची माळ आणि कुंकू लागायचं. त्या वर्षी काकांनी तिचं खास टेबल लावलं होतं, मागे निळं मखमली कापड. बक्षिसाची रिबन मिळणारच, असं ते आठवडाभर सांगत होते.

‘आपल्याच घरातली आहे,’ काका म्हणाले. ‘बांध.’

‘आधी दाखवा,’ काकू म्हणाल्या.

दांडी आत गेली. टिकली लागली. दांडी बाहेर आली, नळीला लागली आणि घोड्याच्या अलीकडे थांबली. चांगली चार बोटं.

काकूंनी टिकली काढून नवी लावली आणि पुन्हा मोजलं. चार बोटं. मागे रांगेत तीसेक माणसं. काका वाकून हळूच मराठीत म्हणाले, ‘अगं, बांध आणि सोड. घरी बघू.’ आणि मला आजही लाज वाटते, पण मी, पगारी टेस्टर, मीसुद्धा म्हणाले, ‘काकू, सोडा ना. लोक बघताहेत.’

काकूंनी दांडी टेबलावर ठेवली. ‘घरी बघितलं नाही म्हणूनच हे झालं,’ त्या म्हणाल्या आणि रांगेकडे वळून खणखणीत आवाजात बोलल्या, ‘धिस वन इज लोडेड. धिस इज फ्रॉम माय हाऊस.’

काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. क्लबमधल्या एका निवृत्त शिक्षकांना हे काम यायचं. त्यांनी बंदूक बाहेर वाळूच्या पिंपाशी नेली, आत पाणी सोडलं, स्क्रू लावलेल्या सळईने आधी चिंधीचा बोळा काढला, मग बोराएवढी शिशाची गोळी. मग काळी दारू ओली होऊन ओघळली. ‘पाणी घालेपर्यंत कोरडी होती,’ ते म्हणाले. ‘ठिणगी मिळाली असती तर उडाली असती.’

काकू हिशेब लावत होत्या. ‘एकोणीस वर्षं मी तिच्याखाली हळदीकुंकू केलं. शंभर वेळा तरी बायका बसल्या असतील. आणि हिचं तोंड कुठे होतं ठाऊक आहे? यांच्या आरामखुर्चीकडे. रोज दुपारी हे तिथे घोरायचे.’ मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. काकाही हसायला लागले, मग मी, मग मराठीचा एक शब्द न कळणारी ती सगळी रांग. शिक्षकांना गोळी खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

दुपारी सभेत अध्यक्षांनी काकूंना बोलायला सांगितलं. त्यांनी पर्समधून गोळी काढून टेबलावर ठेवली. ‘ॲट होम ही सेज एव्हरी डे, आय नो माय गन्स.’ आणि खाली बसल्या. तपासणी सर्वांची, असा ठराव झाला. पहिला हात काकांचा वर गेला. संध्याकाळपर्यंत आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती आणि त्या सोफ्यावर बसताना आपल्याला कसं कायम अस्वस्थ वाटायचं, हे प्रत्येकीला आठवलं. त्याच सोफ्यावर पाय वर घेऊन भेळ खाणाऱ्या याच बायका मी स्वतः पाहिल्या आहेत.

काकू या जानेवारीत गेल्या. हृदयविकार, दोन दिवसांत सगळं संपलं. मला त्यांची आठवण रोज येते, विशेषतः कोणी ‘चालतंय’ म्हणालं की.

एप्रिलच्या प्रदर्शनात टॉर्च माझ्याकडे आली. काका रांगेत उभे होते, तेच जाकीट, तीच बंदूक. त्यांचा नंबर आल्यावर मी म्हणाले, ‘काका, जा ना आत. गोळी काढताना मी होते की तिथे.’

काका हलले नाहीत. ‘दाखवल्याशिवाय कसा जाऊ?’

मी दांडी आत सोडली. खूण करायला चिकटपट्टी शोधू लागले, कारण मी टिकली लावत नाही. काकांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. मरून रंगाच्या चार टिकल्या उरल्या होत्या. त्यांनीच एक सोडवून दांडीवर नीट चिकटवली. मी दांडी बाहेरून नळीला लावली. टोक बरोबर घोड्यापर्यंत पोचलं.

मी पट्टी बांधली आणि ओढून बघितली. काकांनी बंदूक उचलली नाही.

‘दोनदा,’ ते म्हणाले.