ओ देणारा धागा

आळीत कुणीही कुणालाही हाक मारली की हर्षददादा आधी ओ द्यायचा. हाक त्याला नसली तरी. माझी आई, मैना, रोज सकाळी बोंबील वाळत घालायला निघाली की दारातून ओरडायची, "अरं, कोन हाय का घरात?" शेजारच्या ओटीवरचा दादा लॅपटॉप बाजूला सरकवून यायचा आणि टोपलीची एक बाजू धरायचा.

"काकी, तुझी हाक न्हावा बंदरातल्या क्रेनपर्यंत जाते."

"मग त्या क्रेनला म्हनावं, ये टोपली उचलायला."

बंदरातला कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे दाखवणारा प्रोग्रॅम त्याची कंपनी बनवायची. त्यात एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, चालत. गेटवरच्या नोंदी वाचणारा धागा दादाने लिहिलेला. प्रोग्रॅम मंदावला तेव्हा वेळ कुठे जातो हे मोजायला कंपनीने प्रोफाइलर लावला. त्याने जवळजवळ सगळा वेळ दादाच्या धाग्यावर टाकला. कंपनीला माणसं कमी करायची होतीच, त्यात दादाचं नाव आलं. मॅनेजर शिवदास सर म्हणाले, "रिपोर्ट खोटा वाटत असेल तर सिद्ध कर."

तो शोधत बसला. एकदा ओटीवर त्याने मला समजावलं. प्रोफाइलर चालत्या प्रोग्रॅमला सतत सिग्नल पाठवतो, हाकच ती: आत्ता कोण राबतंय? जो धागा ओ देईल, त्याच्या नावावर तो क्षण पडतो. पण बाकीचे धागे एका विकतच्या लायब्ररीने तयार केले होते आणि तिने त्यांना त्या सिग्नलपुरतं बहिरं करून ठेवलं होतं.

"म्हणजे राबतात ते, आणि ओ देतो तुझा?"

"आणि बिल माझ्या घरी," तो हसला. "तुझ्या आईला सांगू नकोस. तिला वाटेल, मीच कुठे कमी पडलो."

पहिला उपाय अंगाशी आला. त्या धाग्यांना ऐकू येऊ दिलं, तर प्रोग्रॅमच कोसळू लागला. लायब्ररी तोच सिग्नल स्वतःच्या कामाला वापरत होती. प्रोफाइलरची हाक तिला आपलीच वाटायची. मग दादाने प्रोफाइलरला कुणीच न वापरलेला सिग्नल दिला आणि प्रत्येक धाग्याला थेट, वेगळी हाक जाईल असं केलं. नव्या रिपोर्टात त्याचा धागा पार तळाशी गेला. वेळ खात होता कंटेनर ठेवायच्या यार्डाचा नकाशा काढणारा धागा. तो भाग शिवदास सरांनी लिहिलेला.

सरांचा फोन आला तेव्हा दादाच्या हातात टोपली होती, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"सॉलिड काम, हर्षद. टूल आता एकदम करेक्ट आहे. पण नावं आधीच वर गेलीत रे. जायच्या आधी ते टूल नीट लिहून दे, पुढच्याला लागेल."

"हो सर."

"चांगलं बोलला ना साहेब?" आईने विचारलं.

"चांगलंच बोलला, काकी."

आणि त्याने खरंच सगळं लिहून दिलं, पायरीपायरीने. नकाशाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

नोकरी गेल्यावर तो पुण्याला गेला, तेव्हापासून आळीत आलेला नाही. निघायच्या सकाळी आई नेहमीसारखी ओरडली. ओटी रिकामी होती. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. आई पुन्हा ओरडली, "अरं, कोन हाय का घरात?"

"न्हाय, काकी," आतून दादा म्हणाला. "कोन न्हाय."