पिवळ्या काठीचा मानकरी

हातमोजा घालण्याआधी तो त्यात हवा कोंडायचा. मनगटाकडची बाजू गुंडाळत आणली की रबराची पाचही बोटं टम्म फुगायची. मग तो फुगलेला हात गालाला लावून डोळे मिटून उभा राहायचा. कुठून हवा निसटत असेल तर ते गालाला कळतं. वडगावात त्यांच्या घरी माग होते आणि आई साडीचा काठ असाच गालाला लावून बघायची, असं तो सांगायचा. हवा लागली नाही की डोळे उघडून म्हणायचा, "घाई कुणाला हाय?"

कुणी घाई केलेली नसायची, तरी म्हणायचा.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एक माणूस असेल, ज्याच्याविषयी वाईट बोलायला काही सापडत नाही आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. माझ्या नशिबी हा होता.

मच्छे इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपात आम्ही दोघं गाड्यांचे मिस्त्री. मी त्याच्या आधी लागलेला. डिझेलची गाडी गेटमधून आत येतानाच आवाजावरून मी बिघाड सांगायचो. पुढं इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या आणि त्यांचं काम शिकायला एकाला बेंगळुरूला पाठवायचं ठरलं, तेव्हा मी बॅग पुसून ठेवली होती. मॅनेजरनं त्याचं नाव घेतलं. मी कारण विचारलं तर कन्नडात म्हणाला, "निधान बेकु, निधान." म्हणजे सावकाश काम करणारा माणूस पाहिजे. मी भरभर काम करतो हा माझा गुन्हा.

तो शिकून आला आणि पिवळ्या पट्ट्या मारलेला एक कोपरा त्याचा झाला. त्याच्या गाड्यांना इंजिन नाही, धूर नाही. ब्रेकचं तेल बदलायचं, बॅटरी थंड ठेवणारं गुलाबी पाणी बघायचं, गिअरचं तेल तपासायचं, एसीची जाळी झाडायची, टायर पुढचे मागं करायचे. संध्याकाळी घरी जाताना त्याचा शर्ट सकाळसारखाच असायचा. तेव्हा मी साबणाच्या पावडरीत कोपरापर्यंत हात घासत असायचो. गिऱ्हाइकं मला मिस्त्री म्हणायची आणि त्याला सर. एकदा पिरनवाडीला एका लग्नात तो पंगतीत समोर बसला होता. परतताना माझी बायको म्हणाली, "त्यांची नखं कशी मास्तरासारखी हाईत बघा की." घरी पोचल्यावर मी परत एकदा साबणानं हात घासले.

संकेश्वरचे एक ऊसवाले आप्पा नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन पहिल्या सर्व्हिसिंगला आले. सवयीनं इंजिन ऑइलचा कॅन घरूनच घेऊन आले होते.

"ह्यात इंजिन ऑइल न्हाय आप्पा," तो म्हणाला.

"मग सर्व्हिसिंग कसलं? नुसता हात फिरवून पाठवणार व्हय?"

आता वाजणार म्हणून मी खूश होऊन जवळ सरकलो. त्यानं बॉनेट उघडलं आणि काच धुण्याच्या पाण्याची बाटली आप्पांच्या हातात दिली. "ह्ये तुमच्या हातानं घाला. घाई कुणाला हाय?" आप्पांनी देवाला अभिषेक घालावा तसं सगळं पाणी ओतलं आणि समाधानानं हात पुसले. जाताना ऑइलचा कॅन माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तुमच्याकडं चालतंय न्हवं ह्ये?"

चालत होतं. तो कॅन मी महिनाभर उघडला नाही.

पण खरा अपमान पुढंच होता. ज्या कामात बॅटरीच्या जबर करंटच्या नारिंगी वायरींजवळ हात जाणार, त्याला दोन माणसं लागतात. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं पिवळी काठी धरून मागं उभं राहायचं. काठीच्या टोकाला मोठा आकडा असतो. पुढच्याला करंटनं धरलं तर मागच्यानं हात न लावता त्याला आकड्यानं ओढून काढायचं. मागच्या माणसासाठी त्यानं माझं नाव सांगितलं. इतकी इंजिनं उघडून बसवलेला मी, मेंढरं राखायला आल्यासारखा काठी धरून उभा.

काम सुरू करण्याआधी तो अंगावरचं सगळं धातूचं काढायचा. घड्याळ, किल्ल्या, आणि पगार वाढल्यावर केलेली चांदीची अंगठी. सगळं माझ्या हातात द्यायचा. मग हातमोजे घालून बॅटरीचा प्लग उपसायचा, आणि आत उरलेला करंट उतरेपर्यंत आम्ही थांबायचो. माझा पगार वाढला नव्हता आणि त्याची अंगठी माझ्या खिशात. डोळ्यांत सलायची ती.

शेवटी मी मॅनेजरकडं गेलो, काठीला दुसरा माणूस द्या म्हणालो. मॅनेजर तयार झाला, पण हाच ऐकेना. "ह्योच पाहिजे. न्हायतर मी प्लगला हात लावत न्हाय." मला खाली बघायला लावण्यात त्याला मजा वाटते, असं मी चारचौघांत बोललो. त्याच्या कानावर गेलं असणार. तरी काठी माझ्याच हातात राहिली.

मग निपाणीच्या एका बाईंची गाडी आली. गुलाबी पाणी कमी होत होतं, बॅटरीपर्यंत हात घालावा लागणार होता. त्याची आई दवाखान्यात होती त्या दिवशी. त्यानं घड्याळ दिलं, किल्ल्या दिल्या. हातमोजे फुगवून गालाला लावले आणि घातले. घाईचं मात्र बोलला नाही. प्लगकडं हात गेला.

"अंगठी," मी म्हणालो.

तो तिथंच थांबला. हातमोजा उतरवला तर अंगठी बोटात. तिची कड लागून रबर आतून फाटलं असतं तर करंटपुढं त्या हातमोज्याचा काही उपयोग नव्हता. ती त्यानं माझ्या हातात दिली. मग तो टायरला टेकून खालीच बसला.

मी पण बसलो. विचारलं, "मागं मलाच का उभा करतोस रं? बाकीची सगळी तुझं कौतुक करत्यात. मी न्हाय करत."

"म्हणून तर," तो म्हणाला. "त्यांचा माझ्यावर इस्वास हाय. मागं उभी राहून मोबाईल बघत बसतील. तुझ्या पोटात दुखतंय. मी कुठं चुकतोय ह्ये तू दिसभर बघतोस. एवढं माझ्याकडं दुसरं कोण बघणार हाय?"

मला राग यायला हवा होता. उलट लई बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

खंडेनवमीला सगळ्यांनी हत्यारं पुजायला मांडली. मी माझे पाने मांडले. त्यानं हातमोजे ठेवले आणि शेजारी काठी आणून उभी केली. हळदकुंकू आधी काठीला लावलं. ही कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "त्येचं हत्यार हाय ते." म्हणून माझा मत्सर गेला असं समजू नका. हातमोजे त्याचेच होते.

मग हुबळीच्या मोठ्या वर्कशॉपनं त्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या जागी मला बेंगळुरूला धाडलं. आता पिवळ्या पट्ट्यांचा कोपरा माझा. नखं स्वच्छ झालीत. संकेश्वरचे आप्पा मला सर म्हणतात. ज्याच्यासाठी पोटात दुखायचं ते सगळं मिळालं. काठी धरून मागं एक भला माणूस उभा असतो, त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. मी हातमोजा गालाला लावून मागं वळून बघतो, तर त्याची मान मोबाईलमध्ये.

परवा हुबळीला फोन लावला. आईची चौकशी झाली. पगार चांगला आहे म्हणाला, ते मी गिळलं. मग विचारलं, "तिथं मागं कोण थांबतंय?"

"हाय एकजण. इंजिनाचा जुना मिस्त्री. लई जळतोय माझ्यावर," तो हसत म्हणाला.

"अंगठी त्येच्याकडं देतोस?"

"मग कुणाकडं देणार?"

मी फोन ठेवला. दुपारी डबा उघडला, तर डोळ्यांपुढं त्या जुन्या मिस्त्रीच्या खिशातली अंगठी. डबा तसाच बंद केला.